सकाळपासून पोटात काय गेलं?

माझ्या कामाला धड मराठी नाव नाही. हॉस्पिटलच्या कागदावर एक लांबलचक इंग्रजी पद आहे, पण वॉर्डात ते कुणी वापरत नाही. सिस्टर मला 'गोळ्यांची मॅडम' म्हणतात आणि पेशंटच्या नातेवाइकांना मी विम्याची बाई वाटते. डी.फार्म. झाल्यावर बरीच वर्षं मी तळमजल्यावरच्या मेडिकलच्या काउंटरवर उभी होते. मग हॉस्पिटलला कसलं तरी मानांकन हवं झालं. त्यात अशी अट निघाली, की पेशंट दाखल झाला की डॉक्टरांनी औषधं लिहायच्या आधी तो घरी काय काय घेत होता, हे कुणीतरी शेजारी बसून नीट विचारलं पाहिजे. काउंटरवर माझं तोंड फार चालतं अशी तक्रार होतीच. मोठ्या साहेबांनी मला वर वॉर्डात पाठवलं आणि एका दगडात दोन पक्षी मारले.

काम ऐकायला सोपं. खाटेजवळ स्टूल ओढायचं आणि विचारायचं, घरी कोणत्या गोळ्या चालू आहेत? पण असं विचारलं की कोल्हापुरात एकच उत्तर येतं, "काय न्हाई." ज्याच्या पिशवीत साखरेची, पित्ताची आणि झोपेची अशी तीन पाकिटं खुळखुळत असतात, तोही बिनदिक्कत सांगतो, काय न्हाई. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. औषध म्हणजे आजारी पडल्यावर घ्यायचं ते. रोज घेतो ती त्यांच्या लेखी नुसती गोळी असते, आणि तिची कसली चौकशी?

म्हणून मी प्रश्नच बदलला. मी विचारते, "काल सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं, ते ओळीनं सांगा." जेवणाचं नाव काढलं की आमच्याकडचा माणूस खुलतो. च्या घेतला, मग ती डागदरांनी दिल्याली पिवळी, मग भाकरी, मग भाकरीवर मोठी पांढरी, असं आपोआप सगळं बाहेर येतं. मी मूळची जयसिंगपूरची. आमच्याकडं कुणी हळू बोललं की तो आजारी आहे असं समजतात. त्यामुळे माझी विचारपूस सुरू झाली की सगळा वॉर्ड कान देऊन ऐकतो, आणि कधी कधी शेजारच्या खाटेवरचा पेशंट आपलीही यादी न विचारता सांगून टाकतो. मला हे काम आवडतं. खोटी नम्रता कशाला, मला ते चांगलं जमतं.

आणि तरी एका नवरा-बायकोच्या बाबतीत मी माझं काम चोख केलं, त्याची हळहळ अजून माझ्या मनातून जात नाही. त्यात दुसरं काय करता आलं असतं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे.

त्या जोडप्यातल्या मावशी आल्या तेव्हा गुऱ्हाळांचा हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस होते. मंगळवार पेठेत दोन खोल्यांत नवरा-बायको राहायचे. मुलगा पुण्याला नोकरीत. पहाटे पाणी आलं म्हणून भरायला गेल्या आणि मोरीच्या तोंडाशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. बारकी, काटक बाई. दुखत असणार भयंकर, पण कण्हणं नाही. खाटेशी काका बसले होते. पांढरा सदरा, टोपी गुडघ्यावर, आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढरट डाग.

मी स्टूल ओढलं आणि विचारायला सुरुवात केली, तर मावशी म्हणाल्या, "मला काय न्हाई बाई. मी ठणठणीत." नेहमीचंच उत्तर. खाटेवर त्यांची कापडी पिशवी होती. "बघू का?" म्हणून मी ती उघडली. फणी, रुमाल, तपकिरीची डबी आणि अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. बीपीची, रोज सकाळी एक घ्यायची, मी काउंटरवर हजारदा दिलेली.

"ही कुणाची?"

मावशींनी आधी काकांकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "माझीच की. बीपीची."

"तुला बीपी हाय?" काका म्हणाले. "मला कवा बोलली न्हाईस."

"बायकांचं काय काय असतंय. सगळं सांगायचं व्हय?"

काका हसले, मीही हसले. बाई नवऱ्याकडे बघून उत्तर देते यात मला काही नवल वाटलं नाही, निम्म्या बायका तसंच देतात. गोळीचं नाव, ताकद, वेळ, सगळं मी नीट लिहून घेतलं. बाई औषध घेते, पट्टी समोर आहे, आणखी काय हवं? डॉक्टरांनी ती गोळी तशीच पुढे चालू ठेवली.

ऑपरेशनच्या आधी काही तपासण्या व्हायच्या होत्या, त्यामुळे त्या दिवसांत काकांशी माझी बरीच गट्टी जमली. मी जयसिंगपूरची म्हटल्यावर ते म्हणाले, "मग आमचीच की पोर." ते शिरोळकडचे. जन्मभर गुळव्या म्हणून राबले. गुऱ्हाळावर रस उकळत असताना काहील नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. घटकाभर आधी उतरवली तर गूळ पातळ राहतो, उशीर झाला तर करपतो. सगळ्या मालाचं बरं-वाईट त्या एका माणसाच्या डोळ्यांवर, नाकावर आणि जिभेवर. हातावरचे डाग त्या काहिलीचे होते. वय झाल्यावर काहिलीसमोर उभं राहणं सुटलं, पण हंगामात मालक अजून गाडी पाठवून त्यांना न्यायचे. ते गुळाचा खडा जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, हा ऊस नदीकाठचा, हा खारवट रानातला, ह्यात चुना जास्त पडलाय.

मी चेष्टेनं म्हटलं, "मग आमच्या कॅन्टीनच्या चहाचं सांगा बघू."

त्यांनी एक घोट घेतला. "दूध सकाळचं न्हवं. आन च्याची पूड दुसऱ्यांदा उकळलीया."

मी खाली जाऊन कॅन्टीनवाल्याला दरडावून विचारलं. दोन्ही खरं निघालं. मग वॉर्डात त्यांच्या जिभेची कीर्ती झाली. सिस्टर आपले डबे घेऊन येऊ लागल्या आणि काका आमटीत कुठलं तेल आहे ते सांगू लागले. मावशी खाटेवरून तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या हसण्यात अभिमान होता. इतकं चांगलं जोडपं मी फार पाहिलेलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एकदा मी सहज विचारलं, "काका, तुम्हाला काही गोळ्याबिळ्या?"

"एक न्हाई. जन्मात न्हाई." त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. "आमचा थोरला भाऊबी गुळव्याच. माझ्यापरास हुशार. त्याला डागदरानं गोळी चालू केली आन महिन्यात अंगावरनं वारं गेलं. तोंड वाकडं, जिभंला चव न्हाई. गूळ आन माती एकच. गोळी पोटात शिरली की जीभ जाती, पोरी. मी बघितलंय."

मी त्यांना समजावलं, की वारं गोळीमुळे गेलं नसणार. बीपी आधीपासून वाढलेलं असणार आणि गोळी उशिरा सुरू झाली असणार. ते ऐकून घेतल्यासारखी मान हलवत राहिले. मावशी भिंतीकडे बघत होत्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशींना घेरी आली. बीपी फारच खाली आलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि मला बोलावून घेतलं. "बाईंचं बीपी आल्यापासून कधीच जास्त नाही. घरी ही गोळी खरंच चालू होती का? नीट विचारलं होतंत ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नीट विचारलं होतं का? मला? तडक वॉर्डात गेले. काका एक्स-रे आणायला गेले होते, तेवढी संधी होती. मी खाटेच्या कडेलाच बसले आणि माझा तो हुकमी प्रश्न काढला.

"मावशी, पडलात त्या आधीच्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, पोटात काय काय गेलं, सगळं ओळीनं सांगा."

"काय सांगू? उठलो. पाणी भरलं." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलताना पुरुषांसारखंच उठलो, आलो, गेलो म्हणतात. "च्या केला. ह्यास्नी दिला, मी घेतला."

"मग?"

"मग भाकरी थापल्या. खर्डा वाटला. त्यात गोळी घातली..."

आणि त्या थांबल्या.

"खर्ड्यात गोळी?" मी नेहमीच्या आवाजात ओरडले.

"बाई, हळू बोला," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दाराकडे पाहिलं.

हिरव्या मिरचीचा तो ठेचा, लसूण-मीठ घालून वाटलेला, आमच्याकडं भाकरीबरोबर सकाळी लागतोच. मी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही खाता खर्डा?"

"माझं तोंड येतंय. मी न्हाई खात. खर्डा ह्यांचा असतोय."

मला सगळं कळलं. तरी त्यांनी सांगितलं, थोडं थोडं, दाराकडे बघत. थोरले दीर गेले त्याच वर्षी गणपतीत पेठेतल्या मंडळानं तपासणीचं शिबिर भरवलं होतं. काकांचं बीपी डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा मोजलं आणि कायमची गोळी लिहून दिली, सोबत एक पट्टीही दिली. घरी येताना काकांनी ती पट्टी गटारात टाकली. मावशी मागं चालत होत्या. दिराचं वाकडं तोंड त्यांनीही पाहिलं होतं, त्याला भरवलं होतं, त्याचं सगळं काढलं होतं. दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि अर्थ मात्र उलटे लावले. नवरा म्हणाला, गोळी नको. बायको म्हणाली, गोळी हवीच. भांडून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चिठ्ठी दाखवून दुकानातून पट्टी आणली, गोळी पाट्यावर मिरचीबरोबर वाटली आणि भाकरीवर घालून दिली. त्या जिभेला चकवायचं तर तिखटाशिवाय दुसरा आडोसा नव्हता. तेव्हापासून रोज.

"मग हॉस्पिटलात दिलेल्या गोळ्या तुम्ही गिळल्यात कशाला?"

"न्हाई म्हटलं असतं तर ह्यास्नी कळलं असतं की. सिस्टर त्यांच्यासमोरच देत्यात."

नवऱ्याची गोळी ती बाई मुकाट्यानं गिळत राहिली होती, घेरी येईपर्यंत. मला तिचा राग आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, दोन्ही एकदम.

पण तिला स्वतःची काही पडलेली नव्हती. तिनं माझा हात धरला. "मी हितं पडून हाय. तकडं ह्यांच्या पोटात गोळी न्हाई. भायेरचं कायबी खात्यात. भावजींवाणी झालं तर? तुमी एवढं करा. तुमच्या हातचा च्या पित्यात ते. त्यात घाला."

मी नाही म्हणाले. लगेच म्हणाले, विचार करायला थांबलेसुद्धा नाही. माणसाला न सांगता त्याच्या पोटात औषध घालायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. आजही मी नाहीच म्हणेन. मी काकांना "नातेवाइकांचंही तपासतो आम्ही" असं सांगून त्यांचं बीपी मोजलं. ते मावशींच्या भीतीइतकं वर गेलेलं होतं. मोठ्या डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, लपवून चालणार नाही, त्यांना सांगा आणि आजच गोळी सुरू करा. तुमच्याशी त्यांचं जमतं, तुम्हीच सांगा.

मी सांगितलं असतं तर? हा एक प्रश्न मी अजून चघळते. पण मला वाटलं, परक्या बाईच्या तोंडून असली गोष्ट कळणं त्यांना अपमानाचं वाटेल. बायकोनं सांगितलं तर त्यातली माया दिसेल. मी मावशींना तेच पटवलं. "इतकी वर्षं तुम्ही त्यांना जपलंत, ते त्यांना कळू दे की. आणि पुढं काय? तुमचा पाय बरा होईपर्यंत खर्डा कोण वाटणार? त्यांना कळलं तर ते स्वतः घेतील."

"घेणार न्हाईत."

"घेतील."

"तुमी सांगा मग. मला लावू नगा."

"तुमच्याच तोंडून पाहिजे, मावशी."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत मी करून ठेवली. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं. तुमी हुभ्या ऱ्हावा."

दुपारी काका मोसंबी सोलत बसले होते. फोडीवरचं पांढरं कातडं काढून एकेक फोड मावशींच्या हातावर ठेवत होते. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते.

"ऐकतासा का? एक सांगायचं हुतं."

"सांग की."

"तुमास्नी बीपी हाय. त्या शिबिरातल्या डागदरानं सांगितलंतं ती गोळी तुमास्नी चालू हाय."

काका हसले. "मी कुटं गोळी खातो?"

"मी देतो. खर्ड्यातनं."

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. हातातली फोड तशीच राहिली. "कवाधरनं?"

"भावजी गेल्यापासनं."

"रोज?"

"रोज. एक दिवस चुकीवला न्हाई." हे सांगताना मावशींचा आवाज जरा वर आला. इतकं तरी काकांना आवडेल असं त्यांना वाटत असावं.

काकांनी मोसंबी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि माझ्याकडे हात पुढे केला. "दाखवा." मी पट्टी दिली. त्यांनी एक गोळी काढली. मला वाटलं, जिंकलो, आता गिळतील. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. गोळी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि ती सावकाश दाताखाली फोडली. गुळाचा खडा जोखतात तशी चव घेत राहिले.

"कडू हाय," ते म्हणाले. "ह्ये कळाय पायजे हुतं."

मला राहवलं नाही. माझ्याकडे एक बिनतोड मुद्दा होता आणि तो मी पुढे केला. "पण काका, बघा ना. इतकी वर्षं गोळी पोटात जात होती आणि तुमची जीभ तशीच शाबूत आहे. गोळीनं जीभ जात नाही, हे तुमच्यावरूनच सिद्ध झालं."

त्यांनी डोळे उघडले. "शाबूत कशी, मॅडम? खर्ड्यातली गोळी कळली न्हाई तिला."

तोपर्यंत मी त्यांची 'पोर' होते. तिथून पुढं मी मॅडम झाले. ते चिडले नाहीत, आवाज चढवला नाही. उरलेल्या फोडी सोलून मावशींच्या हातावर ठेवल्या आणि टोपी घालून बाहेर जाऊन बसले. मावशी त्या फोडींकडे बघत राहिल्या.

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी खूश होते. काका दुसऱ्या दिवसापासून स्वतः गोळी मागून घेऊ लागले. त्यांचं बीपी हळूहळू खाली आलं, मावशींचं जागेवर आलं आणि ऑपरेशनही चांगलं झालं. बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की औषधांची माहिती घ्यावी तर अशी. दोन माणसं वाचली, एका प्रश्नानं. टाळ्या पडल्या. मी हुरळून गेले आणि घरी जाताना सगळ्यांसाठी जिलेबी नेली. सिस्टर आता काकांपुढे डबे नेत नव्हत्या. त्यांनी एकदा नेला होता, तर काकांनी "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून परत केला, हे मला नंतर कळलं. त्या गडबडीत मी काही विचारलंच नाही.

त्यानंतर ती दोघं पुन्हा आली तेव्हा हंगाम संपत आला होता. खुब्याचा एक्स-रे काढायचा होता. मावशी वॉकर धरून छान चालत होत्या. काका त्यांच्या कोपराला हात लावून एकेक पायरी चढवत होते, वॉकर कुठे टेकतोय त्याच्यावर नजर ठेवून. मला बघून बरं वाटलं. बाकावर बसवून मी दोघांचंही बीपी मोजलं. दोन्ही उत्तम.

"काका, यंदा कुठल्या कुठल्या गुऱ्हाळावर गेलात?"

"गाड्या आल्त्या. न्हाई गेलो."

"का हो?"

"मालकाचा माल असतोय, मॅडम. अंदाजपंचे सांगून कसं चालंल?" एवढं बोलून ते फिल्म आणायला खिडकीकडे गेले.

मी मावशींच्या शेजारी बसले. नेहमीचा प्रश्न विचारायला सोपा होता, म्हणून तो विचारला. "गोळी वेळेवर घेतात ना?"

"घेत्यात. पाकीट त्यांच्याच खिशात असतंय. चावून खात्यात रोज. मी म्हटलं पाण्याबरोबर गिळा, तर न्हाई."

"आणि खर्डा?"

"बंद." त्या पदर सारखा करत राहिल्या. "खर्डाच न्हवं, बाई. माझ्या हातचं सगळंच बंद. पाणीबी आपलं आपण घेत्यात."

"भांडतात का?"

"एक शबुद न्हाई. मला काय कमी करत न्हाईत, तुमी बघितलासाच की आता. रातचं पायाला तेल लावून देत्यात. फकस्त माझ्या हातचं नगं." त्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या काकांच्या पाठीकडे बघत होत्या. "भाकरी तेच थापत्यात. पयल्यांदा जाड व्हायच्या, आता बऱ्या येत्यात. मला वाटलं, पाय बरा हुईस्तवर करत असतील. आता मी हुबारतो, फिरतो, तरी सैपाकाला हात लावू देत न्हाईत."

मला रडू येत होतं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे त्याचा रागही येत होता. बाईनं ज्या जिवासाठी जीव टाकला होता तो वाचला होता. तो समोर उभा होता, धडधाकट, बीपी उत्तम. आणि तिला त्याच्या पानात एक घास वाढता येत नव्हता. त्याचीही जीभ होती तशीच होती, पण तो आता त्या जिभेला काही विचारत नव्हता.

"मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हणाले. "मी समजावून सांगते."

"नगं बाई." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "एकदा तुमी मला बोलाय लावलंसा. तेवढं बास झालं."

काका फिल्मचं पाकीट घेऊन परत येत होते. काहीतरी विचारायचं म्हणून मी घाईघाईनं विचारलं, "तुम्हाला तरी पोटभर वाढतात ना?"

"वाढत्यात की. पयलं ताट माझंच असतंय." त्या वॉकरला धरून उठल्या. "मी खातो. त्यात काय घातलंय, मी कधी इचारलं न्हाई."